नाकाला खाज सुटली तेव्हा

जपानमधल्या कागोशिमाहून ट्रेनने साधारण तासाभरात इबुसुकी येतं. छोटंसं शहर, समोर समुद्र आणि लांबवर काइमोनदाके ज्वालामुखी, ९२४ मीटर उंच, पाकळ्या न पाडलेल्या उकडीच्या मोदकासारखा. शेवटचा उद्रेक ८८५ साली झाला म्हणे, त्यामुळे त्याचं टेन्शन नव्हतं. टेन्शन वाळूचं होतं.

इथे माणसाला किनाऱ्यावरच्या गरम वाळूत पुरतात. वाळूखालून गरम पाण्याचे झरे समुद्राकडे जातात म्हणून ती तापते, पन्नास डिग्रीच्या आसपास. याला म्हणतात सुनामुशी. बायकोने महिनाभर आधीच ठरवून टाकलेलं, माझं मत विचारायचा प्रश्नच नव्हता.

अंगावर फक्त युकाता (आपल्या गाऊनसारखा सुती प्रकार), डोक्याला टॉवेल, आणि आडवं व्हायचं. एक आजीबाई फावडं घेऊन आल्या आणि सिमेंट कालवणाऱ्या गड्याच्या सफाईने मला गळ्यापर्यंत गाडून मोकळ्या. ओली वाळू एवढी जड असते हे कोणी सांगितलं नव्हतं, हाताचं बोटसुद्धा हलेना आणि पायाच्या अंगठ्यात ठोके ऐकू यायला लागले. पण खरं सांगतो, पहिली दोन मिनिटं स्वर्ग, कंबर तर अशी सुटली की बास.

तिसऱ्या मिनिटाला नाकाच्या शेंड्यावर खाज.

नाक फुगवलं, ओठ वर नेऊन फुंकर मारली, काही उपयोग नाही. शेजारी बायको, पण तीही गाडलेली, वर म्हणते कशी, "लक्ष देऊ नकोस, जाईल." लक्ष कुठे देऊ मग, सगळं शरीर तर वाळूखाली, वर उरलंय फक्त नाकच!

आजींना सांगावं म्हटलं. नाक म्हणजे हाना, एवढं येत होतं. खाज म्हणजे कायुई, पण घामाच्या धारेत तोंडातून निघालं कावाई, म्हणजे गोंडस. त्यात हाना म्हणजे फूलसुद्धा. म्हणजे मी गळ्यापर्यंत पुरलेल्या अवस्थेत त्या माउलीला कळवळून सांगत होतो, "फूल गोंडस! फूल गोंडस!" त्यांनी इकडेतिकडे फूल शोधलं, मग हसून माझ्या छातीवर अजून अर्धं फावडं वाळू टाकली.

दहा मिनिटं झाल्यावर स्वतःच उकरून बाहेर आलो, हात नाकापर्यंत नेला तर खाज गायब.

मधल्या वेळात कोणीतरी आमचा फोटो काढून दिला होता, तो बायकोने लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत आईचा रिप्लाय, "सूनबाई छान दिसतेय. याला शिंक येतेय का?"