सत्त्याऐंशीने भागलेली शकुंतला

आमच्या गावात रेल्वे क्लब आहे म्हटलं की समोरचा आधी हेच विचारतो, "पण तुमच्या गावात रेल्वे कुठी हाय?" प्रश्न रास्त आहे. दारव्ह्याकडच्या आमच्या शिवाराजवळून शकुंतला जायची. यवतमाळहून मूर्तिजापूर, तिथून पुढे अचलपूर. ती आता बंद आहे. रुळांमध्ये तरोटा माजला आहे आणि त्या मार्गावर नियमित जा-ये करतात त्या फक्त शेळ्या. खरी गाडी येत नाही तर आपणच तिची एक छोटी, टेबलावर चालणारी प्रतिकृती करू, असं चार माणसांनी ठरवलं, त्याला आम्ही क्लब म्हणतो.

लंडनला असा क्लब १९१० साली निघाला, तो अजून चालू आहे आणि त्याला स्वतःची इमारत आहे. आमच्याकडे माझ्या घरची मागची टिनाची खोली आहे, तीही कापूस नसला तर. दसरा-दिवाळीपासून वेचा घरात यायला लागतो. भाव चढेल या आशेवर तो त्या खोलीत छतापर्यंत साचतो आणि भाव चढला नाही की होळीच्या आसपास मुकाट्याने जातो. तेवढे महिने आमची रेल्वे चार फुटी तुकड्यांत सुटी होऊन पलंगाखाली झोपते. खोली मोकळी झाली की उन्हाळा लागतो आणि टिनाखाली बसून रूळ जोडण्यापेक्षा विहीर खणलेली बरी. उरला पावसाळा. म्हणून आमचा हंगाम आणि सोयाबीनचा हंगाम एकच.

चौघांपैकी एक निवृत्त गणिताचे गुरुजी. दुसरे गार्डसाहेब, रेल्वेतून निवृत्त झालेले, पण ते फक्त कागदोपत्री. तिसरा मोटार वायंडिंगवाला भाऊ, ज्याच्या दुकानात अर्ध्या तालुक्याचे पाणबुडी पंप उघडे पडलेले असतात. चौथा मी, कारण खोली माझी.

प्रमाण गुरुजींनी ठरवलं. १:८७, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण हेच. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर. भागिले ८७, उत्तर ८.७६. बाजारात ९ मिलीमीटरचे तयार रूळ मिळतात, ते खरं तर त्याहून लहान, १:१६० प्रमाणाच्या गाड्यांसाठी. पाव मिलीमीटरची तफावत गुरुजींनी मोठ्या मनाने सोडून दिली. आयुष्यात त्यांनी कोणाला अर्धा मार्क सोडल्याचं ऐकिवात नाही, म्हणून आम्ही तो दिवस लक्षात ठेवला आहे.

मग त्यांनी पूर्ण मार्गाचा हिशेब मांडला. यवतमाळ ते अचलपूर सुमारे १९० किलोमीटर. भागिले ८७, जवळजवळ २ किलोमीटर २०० मीटर. म्हणजे मागच्या खोलीतून निघालेली गाडी एसटीच्या थांब्यावरून, नाल्यावरून थेट आमच्या चुलतभावाच्या वावरात. त्याच्याशी धुऱ्यावरून आधीच केस चालू आहे, त्यात रेल्वेची भर नको. शेवटी पाच मीटरचा एक लंबगोल, त्यावर दारव्हा मोतीबागेसारखं एक स्टेशन, एक फाटक आणि बाकी सगळीकडे पऱ्हाटी, एवढ्यावर मंडळ आटोपलं.

तयार शकुंतला कुठल्याच दुकानात मिळत नाही. जपानी बनावटीच्या छोट्या गाडीची चाकं आणि मोटर घ्यायची आणि वर पुठ्ठ्याचं इंजिन बसवायचं, हा जगभरचा रिवाज. आमचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं झेडडी जातीचं वाफेचं, ते या मार्गावर १९९४ पर्यंत धावलं. धावलं हा शब्द मी गावाच्या अभिमानापोटी वापरतो. ताशी वीस किलोमीटर धरला तर आमच्या टेबलावर तो वेग सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरही भरत नाही, आणि इथेच सगळी बोंब आहे. गाडी जोरात पळवायला काही लागत नाही, चाक फिरलं की ती पळते. हळू चालवणं ही खरी परीक्षा, कारण व्होल्टेज उतरवलं की मोटर आधी गुरगुरते, मग विचारात पडते आणि अचानक उडी मारून निघते. जपानी मोटरला यवतमाळच्या चालीची सवय लावण्यात आमचा एक अख्खा पावसाळा गेला. भाऊने मग वेगळा कंट्रोलर जोडला, तो मोटरला पूर्ण बारा व्होल्टचे झटपट ठोके देतो, फक्त ठोका केवढा लांब ते आपण ठरवायचं. तेव्हा कुठे गाडी रेंगाळायला शिकली. पोट्टे खिडकीतून ओरडतात, "काका, तेज करा ना!" गार्डसाहेब त्यांना म्हणतात, "तेज पाह्यची असंल तं मोटारसायकल पाहा. हे शकुंतला होय."

क्लबातर्फे एकदा आम्ही पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून आलो, १९९८ पासून चालू असलेलं. दिवे मंदावतात, घोषणा होते, गाड्या आपापल्या वेळेला सुटतात, कोणी कोणाला धडकत नाही. परतीच्या एसटीत गार्डसाहेब बराच वेळ गप्प होते. कारंज्यापाशी म्हणाले, "सारं चांगलं हाय. पण एकही गाडी लेट नाई. कसं खरं वाटंल?"

लोकांना वाटतं, गाडी चालवण्यात सगळा वेळ जातो. गाडी चालवण्यात वेळ जावा हीच तर आमची इच्छा आहे. वेळ खडीत जातो. नाल्यातली रेती धुवायची, वाळवायची, रव्याच्या चाळणीतून गाळायची (चाळणी कोणाची, यावर घरात वेगळी बैठक झाली), मग ती रुळांच्या मधे चिमटीने सोडून बारीक ब्रशने एकेका स्लीपरवरून झाडायची. स्लीपरवर एक कण राहिला तरी गार्डसाहेब तर्जनी दाखवतात. नंतर पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल, जनावरांच्या सुईच्या पिचकारीतून थेंब-थेंब. त्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब लागतो. तो नसला की पाणी गोळी होऊन बसतं आणि पसरतानाच रेती घेऊन पळतं. हे सगळं श्वास रोखून करायचं, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. आणि सकाळी येऊन पाहावं तर स्टेशनापासून फाटकापर्यंत खडीच गायब. कोंबडीला पोटात दाणा दळायला बारीक खडे लागतात, हे मला शेतकरी म्हणून माहीत होतं. आमच्या कोंबडीला चाळणीतून काढलेले, एकसारखे, धुतलेले खडे लागतात, हे तेव्हा कळलं. चिकटलेली खडी तिने सोडली होती, ओली तेवढी वेचली. गार्डसाहेबांनी पंचनामा केला.

दुसरा जाच विजेचा. गाडी वीज घेते रुळातून, चाकांवाटे. एक रूळ धन, दुसरा ऋण. उलट केले की गाडी मागे. मधे धुळीचा कण आला, रुळावर काळसर थर चढला की गाडी बंद. त्यावर उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसणे. ते आणायला मी तालुक्याच्या मेडिकलमध्ये गेलो आणि मोठ्याने मागितलं. संध्याकाळपर्यंत गावात खबर पसरली की रेल्वेवाल्यांच्या खोलीत अल्कोहोल जातं. बायको म्हणाली, "अजी, खरं सांगा. रूळ पुसायले लागते का घसा पुसायले?" मी तिला खोलीत नेऊन फडक्याने रूळ पुसून दाखवला. फडकं काळं झालं तेव्हा ती निवळली, मग ते फडकं कशाचं आहे ते तिने पाहिलं.

भाऊने सुरुवातीला स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर दिला होता. चांगलाच होता, पण शेजारी आटाचक्की आहे. चक्की सुरू झाली की घरचा बल्ब पिवळा पडे आणि आमची गाडी भर शिवारात थांबायला लागे. पाहुण्यांना वाटे, स्टेशन आलं. वायरिंगही त्याच्याच हातचं, आणि त्याच्याकडे तार एकच, वायंडिंगची तांबडी. टेबलाखाली पाहिलं की धनही तांबडं, ऋणही तांबडं. "मले समजते ना कोणती कोणती हाय," तो म्हणतो. गाडी बंद पडली की म्हणून त्याला पंप सोडून यावं लागतं आणि पंपवाला शेतकरी आम्हाला शिव्या देतो.

वीज चंचल म्हणून मग बॅटरी. फवारणीच्या पाठपंपाची बॅटरी बारा व्होल्टची असते, आमच्या इंजिनालाही बाराच लागतात. गावात दर दुसऱ्या घरी ती आहे. लहान काकाजींनी त्यांची दिली आणि प्रश्न मिटला असं आम्हाला वाटलं.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे कापूस. खोली कितीही झाडा, कोपऱ्यात, फळीच्या खाचेत, छताच्या पत्र्यात रुई उरतेच. वारा सुटला की एखादा तंतू तरंगत येतो, रुळावर बसतो आणि इंजिन त्याच्यावरून गेलं की चाकामागच्या आसाला गुंडाळला जातो. एक तंतू काय करणार? आधी काही नाही. मग दुसरा, तिसरा, मग दात्यांमध्ये राखाडी वळकटी तयार होते, तिला तेल पाजलेलं असतं, आणि इंजिन कण्हायला लागतं. उलटं करून भिंगाखाली धरायचं, चिमट्याने टोक शोधायचं, चाक उलटं फिरवत फिरवत तो धागा सोडवायचा. तुटला की संपलं, पुन्हा टोक शोधा. आमचे डोळे आता असे झालेत की पानावरचा मावाही लांबून दिसतो. ही रेल्वे टाकली कशासाठी, तर वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीपर्यंत आणि तिथून मुंबईला पोचावा म्हणून. किलिक निक्सन कंपनीने बांधली. इथला कापूस मँचेस्टरला गेला, मँचेस्टरहून इंजिन इथे आलं आणि खऱ्या इंजिनाने सत्तर-बहात्तर वर्षं कापसाच्या गाठी ओढल्या. आमच्याने एक तंतू ओढवत नाही.

तान्ह्या पोळ्याला पोट्टे आपापले चाकवाले लाकडी नंदी सजवून घरोघर बोजारा, म्हणजे सणाची खुशी, मागत फिरतात. यंदा गावात कोणीतरी उठवलं की आमच्याकडे बोजाऱ्यासोबत रेल्वेही पाहायला मिळते. खोलीत पोट्टे, त्यांच्या माया, माया घरी राहिल्या तर आज्या. दमट हवेने प्लायवूड फुगून दोन तुकड्यांच्या जोडावर रूळ कागदभर वर-खाली झाला होता, तिथे भाऊ आगपेटीच्या काडीची पाचर मारून उभा. गार्डसाहेबांनी टोपी घातलेली. हिरवी झेंडी, शिट्टी. गाडी निघाली, अगदी शकुंतलेच्या चालीने, आणि खोली गप्प झाली.

फाटकापाशी आसाने तंतू पकडला. भिंग, चिमटा, पाच मिनिटं. गाडी पुन्हा निघाली. मोतीबागेच्या अलीकडे एका पोट्ट्याने आपला नंदी रुळावर आणून उभा केला, कारण त्यालाही गाडी पाहायची होती. नंदी असेल वीतभरापेक्षा कमी. गुरुजींनी तिथल्या तिथे गुणाकार केला, "म्हणजे खरा असता तं तेरा मीटर. चार मजली बैल!" गार्डसाहेबांनी लाल झेंडी दाखवली आणि जनावर बाजूला होईपर्यंत गाडी सोडणार नाही म्हणाले. पोट्टा म्हणाला, "आधी बोजारा द्या." त्याला पाच रुपये मिळाल्याचं पाहून आणखी तीन नंदी रुळावर आले.

ते निस्तरून गाडी शेवटच्या वळणाला लागली. स्टेशन दोन हातांवर, आज्या हात जोडण्याच्या बेतात, आणि दारात लहान काकाजी, पाठीवर पंप.

"दे रे बॅटरी. उघाड पडली."

"काकाजी, एवढा एक फेरा..."

"तुह्या फेऱ्यापायी पानी थांबंल काय? हप्ता झाला वावरात पाय नाई ठेवला."

याला उत्तर नव्हतं. मी स्वतः दुपारी तेच करणार होतो. भाऊने क्लिपा काढल्या, इंजिन जिथल्या तिथे थांबलं. गार्डसाहेब रजिस्टर ठेवतात, त्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: गाडी थांबण्याचं कारण एक, कापूस. दोन, नंदी. तीन, फवारणी.

लोक पांगले. आमची माय तेवढी बसून होती. ती कधी खोलीत येत नाही, तिच्या लेखी ही कापसाची खोली आहे आणि आम्ही उपरे. मालडब्याकडे बोट करून तिने गुरुजींना विचारलं, "याच्यात कापूस किती मावंल जी?"

गुरुजी खुलले. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशीने भागायच्या, म्हणजे वजन सहा लाख अठ्ठावन्न हजार पाचशे तीनने भागायचं. "आजी, तुमचा एक क्विंटल कापूस याच्या हिशेबानं ०.१५ ग्रॅम."

"म्हंजे घरचा सारा वेचा या डब्यात बसते?"

"आरामात."

"मंग याच्यातच भरा ना बापा. खोली तुमाले मोकळी राहीन."

"पण आजी," गुरुजी म्हणाले, "मग भावही भागावा लागंल."

"भाव कायले भागता?" माय गुडघ्यावर हात टेकून उठली. "तो तं पहिलेच भागून ठेवेल हाय."

गार्डसाहेबांनी रजिस्टर पुन्हा उघडलं, पण हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते त्यांना सापडेना.