फिरता स्टेज घ्या, पण गल्लीच्या मापाचा

लग्नसराई तोंडावर आली की बेंजो पार्टी असो नाहीतर ऑर्केस्ट्रा, सगळीकडे हाच विषय निघतो. दर सुपारीला, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाला, स्टेजवाल्याचे पैसे भरण्यापेक्षा गाडीमागे ओढायचा, जागेवर उघडला की स्टेज होणारा आपलाच ट्रेलर का घेऊ नये? माझं मत सरळ आहे: वर्षाला पन्नास-साठ सुपाऱ्या वाजवणाऱ्या बँडने जरूर घ्यावा. मात्र मुंबईत चालवायचा असेल तर १४ फुटांपेक्षा लांब घेऊ नये, आणि पैसा डेकच्या (वादक उभे राहतात त्या पृष्ठभागाच्या) खाली घालावा, डेकच्या वर नाही. व्हिडिओत दिसणारे एलईडी वॉलचे, हायड्रॉलिक छताचे मोठे स्टेज मोकळ्या मैदानासाठी ठीक आहेत. आपली हळद चाळीच्या अंगणात असते, पूजा सोसायटीच्या कंपाउंडमध्ये आणि मंडळाचा कार्यक्रम रस्त्याच्या एका कडेला.

आधी पैशांचं बघू. समजा सगळं धरून ट्रेलर ६ लाखांना पडला आणि सुपारीमागे स्टेजचं ८ हजार भाडं वाचलं. ६ लाख भागिले ८ हजार, म्हणजे ७५ सुपाऱ्यांत पैसे वसूल, असा हिशेब बहुतेक जण मांडतात. तो चुकतो, कारण ट्रेलर आपोआप पोचत नाही. ओढणारी गाडी, डिझेल आणि लावायला-काढायला दोन पोरांची हजेरी मिळून ३ हजार धरले तर हातात ५ हजारच उरतात आणि आकडा १२० सुपाऱ्यांवर जातो. वर्षाला ६० असतील तर दोन वर्षं. यात ट्रेलर उभा करायच्या जागेचं भाडं धरलेलं नाही. चातुर्मासात लग्नं नसली तरी जागेचं भाडं चुकत नाही, आणि शहरात १४ फुटांचा ट्रेलर रस्त्यावर ठेवला तर तो उचलला तरी जातो किंवा त्याचे टायर तरी जातात. म्हणून जागेचं आधी ठरवा. ती वडाळ्याला मिळाली तर गोष्ट वेगळी, पनवेलला मिळाली तर वेगळी, कारण प्रत्येक सुपारीला ट्रेलर तिथून निघणार आणि रात्री तिथेच परतणार.

आता माप. बंद असताना ७ फूट रुंद, १४ फूट लांब, आणि एका बाजूची ५ फुटांची फळी उघडली की १४ बाय १२ चा स्टेज. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, बेंजो, ड्रमसेट, दोन गायक आणि निवेदक एवढ्यात आरामात मावतात. कायद्याने गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते, तरी साडेआठ फुटी गाडी दोन्हीकडे बाइक लावलेल्या गल्लीत वळवून बघा, मग ७ फूट का ते कळेल. बंद उंची १० फुटांच्या आत ठेवा. केबलच्या वायरी, पताका आणि लायटिंगच्या माळा गल्लीत त्याच उंचीला लोंबत असतात. वरळी कोळीवाड्याच्या आतल्या गल्ल्यांत तर कुठलाच ट्रेलर जाणार नाही. तशा सुपारीला भाड्याचे लाकडी प्लॅटफॉर्मच बरे, तिथे हट्ट करू नये. आणि उघडा स्टेज १२ फूट खातो. त्याच्या बाजूने रुग्णवाहिका जाणार नसेल तर ती जागा स्टेजची नाही.

वजनाकडे बँडवाले फारसं बघत नाहीत आणि सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. १०० मिमीचा सी चॅनल, म्हणजे सी आकाराचा लोखंडी बार, मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो. दोन लांब चॅनल, दर दोन फुटांवर आडवे आणि पुढची दांडी धरली की नुसती चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, पावणेतीनशे किलोच्या आसपास जाते. १८ मिमीची आठ बाय चारची शटरिंग प्लाय एक शीट ३५ किलो, आणि अशा पाच-सव्वापाच शीट लागतात. त्यात ॲक्सल (चाकांचा आडवा दांडा), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर, जॅक, फळीची फ्रेम आणि छताचे पाइप मिळवले की रिकामा ट्रेलर टनभर होतो. साउंड, लाइट आणि जनरेटर चढवला की १८०० किलो. ओढणाऱ्या गाडीच्या कंपनीने एवढं ओढायची क्षमता लिहून दिली नसेल तर ती गाडी जोडू नका, मागे हुक वेल्ड केलेला असला तरी.

या वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकावर यायला हवा. १८०० किलोला १८० ते २७०. जनरेटरचा आवाज माइकमध्ये नको म्हणून तो शेवटच्या टोकाला बसवतात. त्याने दांडी हलकी होते, आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर वेग घेतला की ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागतो. ड्रायव्हर घाबरून कचकन ब्रेक मारतो आणि ट्रेलर गाडीलाच फिरवतो. जनरेटर ॲक्सलच्या थोडा पुढे ठेवा आणि जागेवर पोचल्यावर लांब केबलने खाली उतरवून चालवा. भार मोजायला वजनकाट्यावर जा. पूर्ण भरलेल्या ट्रेलरचं फक्त पुढचं छोटं चाक काट्यावर आणि मागची चाकं काट्याबाहेर सपाट जमिनीवर ठेवली की दांडीवरचा भार कळतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. गाडी थांबली की मागचा ट्रेलर ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच ब्रेक दाबला जातो, अशी सोय असते. ट्रेलर घेताना ती सोय आहे ना ते बघा.

रिव्हर्सचा सराव रिकाम्या मैदानात करा. छोटा ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा पटकन आडवा होतो. गल्लीत सगळ्यात सोपं म्हणजे हुक काढायचा आणि पाच-सहा जणांनी हाताने ढकलायचा, पण फक्त सपाट जागेवर. उतारावर तो माणसांना आवरत नाही.

स्टेज कधीही चाकांवर उभा करू नका. चार कोपऱ्यांना चार जॅक आणि उघडणाऱ्या फळीला स्वतःचे चार पाय हवेत. फळी नुसत्या वायररोपवर लटकवून देणारे फॅब्रिकेटर आहेत, त्यांना नाही म्हणा. हळदीला करवल्या आणि पोरं स्टेजवर चढणारच आणि ठेक्यावर एकत्र उड्या मारणारच. चौरस मीटरला ५०० किलोचा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्या. १४ बाय १२ म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे पावणेआठ टन. आठ पायांवर वाटलं तर एकेका पायावर जवळपास टनभर. जॅकचा पाय ४ बाय ४ इंच असेल तर चौरस इंचाला साठ किलोच्या वर दाब पडतो, आणि पेव्हर ब्लॉक तिथेच खचतो. खाली १२ बाय १२ इंचांचा जाड लाकडी ठोकळा घातला की दाब नऊ पट कमी होतो. ठोकळे आठ नाही, बारा ठेवा, कारण मुंबईचा रस्ता सगळीकडे सारखा नसतो. गटाराच्या झाकणावर पाय कधीच नको.

छत आणि मागचा पडदा यांना लोक शोभेच्या वस्तू समजतात. वाऱ्यासाठी ती शिडं आहेत. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात चौरस मीटरला साधारण ६ किलो दाब येतो, ७२ ला २४ किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ७२ च्या वाऱ्यात १८ चौरस मीटरचा फ्लेक्स म्हणजे चारशे किलोच्या वर आडवा धक्का. फ्लेक्सऐवजी जाळीचं कापड वापरा आणि सोसाट्याचा वारा सुटला की पडदा आधी उतरवायचा, बोलणी नंतर. छताला उतार द्या. एक चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाणी साचलं की १० किलो वजन झालं, त्याने कापड खोलगट होतं आणि आणखी पाणी साचतं.

विजेच्या बाबतीत माझा आग्रह कडक आहे. दीडशे वॅटचे १२ एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) म्हणजे १.८ किलोवॅट, साउंडला २ किलोवॅट, वाद्यं आणि मिक्सरला अर्धा. साधारण साडेचार किलोवॅट. ७.५ केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरच्या हिशेबाने ६ किलोवॅट देतो, तो पुरतो. लाइट आणि साउंडच्या लाइनी वेगळ्या ठेवा आणि पॅनलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. कीबोर्डमध्ये घुंई घुंई आली की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची सवय आपल्याकडे आहे. ती जीव घेणारी आहे. जो गळका करंट अर्थिंगमधून जायचा, तोच ओल्या डेकवर घामेजल्या हाताने माइक धरलेल्या गायकाच्या अंगातून जातो. घुंई घालवायची तर कीबोर्ड आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा आणि मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घाला. सबवूफर डेकवर ठेवू नका, पोकळ डेक घुमतो आणि माइक फीडबॅक देतो, म्हणजे शिट्टी मारतो. ते जमिनीवर ठेवा. तसंही निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र आहे आणि रात्री १० ला स्पीकर बंद करायचा आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. त्यामुळे मोठा साउंड घेऊन करायचं काय, हा प्रश्न खरेदीआधी विचारा.

गंजाबद्दल थोडक्यात: बॉक्स पाइपला खालून भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी आत राहतं आणि पाइप आतून खातो. समुद्राच्या खाऱ्या हवेत वेल्डिंगचे सांधे आधी जातात. दर जूनआधी ते घासून झिंक प्रायमर मारा.

कागदपत्रांकडे या. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते आणि त्याला स्वतःचा नंबर मिळतो. दारुखान्यातून किंवा कळंबोलीतून लोखंड आणून ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे बनवणं स्वस्त पडतं, पण मॉडेलला मान्यता नसेल तर नोंदणी अडते आणि नोंदणी नसेल तर विमा नाही. मान्यताप्राप्त कारखान्याचाच घ्या. टेम्पोवर स्टेज बांधून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे, नोंदवलेल्या गाडीत परस्पर बदल करता येत नाही. मिरवणुकीसाठी हा स्टेज वापरू नका. चालत्या ट्रेलरवर वादक उभे करणं मला मान्य नाही. शिवाय विसर्जनाला चिंचपोकळी आणि आर्थर रोडच्या रेल्वे पुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त वजन नको अशी महापालिकेची सूचना असते, आणि त्यात माणसांचं वजनही आलं.

शेवटी नावाचं. बहुतेक बँडमध्ये पैसे सहा जण घालतात आणि आरसी बुक एकाच्या नावावर होतं. दोन वर्षांनी ढोलकीवाला दुसऱ्या पार्टीत गेला की भांडण लागतं. भागीदारीचा लेखी करार करा. त्यात कोणाचे किती पैसे, सोडून जाणाऱ्याला त्या दिवसाच्या किमतीतला किती हिस्सा आणि किती महिन्यांत मिळणार, बँडची सुपारी नसताना ट्रेलर बाहेर भाड्याने द्यायचा का आणि तेव्हा सोबत आपला कोण माणूस जाणार, हे सगळं लिहा. दुरुस्तीसाठी दर सुपारीचे हजार रुपये वेगळ्या खात्यात टाका. टायर, ब्रेकचे लायनर आणि हायड्रॉलिकचे पाइप त्यातूनच बदलायचे आहेत.