मांडीतले विरजण

वयाच्या ४८व्या वर्षी मी जिममध्ये नाव घातले, याचे खरे कारण असे की एका सकाळी उभ्याने मोजा चढवताना माझा तोल गेला आणि मी चपलांच्या स्टँडसह खाली बसलो. घरात कोणीही हसले नाही, ही गोष्ट मला पडण्यापेक्षा अधिक लागली. त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या जिममध्ये चार महिन्यांचे पैसे भरले. एकाच महिन्याचे भरले असते तर पुढचे बरेच प्रसंग टळले असते. परंतु चार महिन्यांवर सवलत होती आणि सवलतीला पाठ दाखवणे आम्हा पुणेकरांच्या रक्तात नाही.

आमचे ट्रेनर २६ वर्षांचे आहेत. ते मला 'काका' म्हणतात आणि मी त्यांना 'सर' म्हणतो. म्हणजे वय माझ्याकडे आणि अधिकार त्यांच्याकडे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी झाली. त्या सोमवारी त्यांनी माझ्या खांद्यांवर लोखंडी बार ठेवला आणि "काका, आज वजन लावलंच नाहीये, नुसता बार आहे," असे सांगितले. नुसता बार २० किलोंचा असतो. किराणा दुकानात २० किलोंची गोणी घेतली तर दुकानदार न सांगता सोबत पोऱ्या देतो. इथे त्याला 'नुसता' म्हणतात.

पहिल्या चार-पाच बैठका फारच सुखाच्या गेल्या. स्नायूत फॉस्फोक्रिएटिन या झटपट जोर पुरवणाऱ्या रसायनाचा लहानसा साठा असतो आणि तो पूर्ण जोर लावल्यास सुमारे दहा सेकंद पुरतो, हे मला नंतर कळले. तो संपत आला की श्वासातल्या प्राणवायूची वाट पाहायला सवड नसते. स्नायू मग जवळची साखर प्राणवायूवाचूनच मोडून वेळ मारून नेतात, आणि मांडीत निखारे ठेवल्यासारखे वाटू लागते. नेमक्या त्याच क्षणी सर म्हणाले, "काका, अजून दोनच." या 'दोनच'चा अर्थ मला पुढे कळला. जेवणाच्या पंगतीत 'एकच जिलबी' म्हणणाऱ्या माणसावर जेवढा विश्वास ठेवावा, तेवढाच यावर ठेवावा.

सोमवारी रात्री काहीच दुखले नाही. मी जेवताना शरीरात मूळची ताकद असल्याबद्दल थोडे बोललोही. मंगळवारी मांड्या भरून आल्या. बुधवारी लग्नाच्या वाढदिवसानिमित्त घरी सत्यनारायण होता आणि यजमान मी होतो.

पाट जमिनीपासून जेमतेम दीड इंच उंच असतो, याकडे मी आयुष्यात कधी लक्ष दिले नव्हते. सोवळे नेसून मी पाटाजवळ उभा राहिलो, गुडघे किंचित वाकवले आणि तिथेच थांबलो. त्यापुढचा प्रवास माझ्या हातात नव्हता. एक हात पत्नीच्या खांद्यावर आणि दुसरा चौरंगाला बांधलेल्या केळीच्या खांबावर ठेवून मी उरलेले अंतर पडून पूर्ण केले. केळीचा खांब कलला. गुरुजींनी मंत्र न थांबवता एका हाताने तो सरळ केला. ते सत्तरीच्या पुढचे आहेत. कलश मांडताना, फुले घेताना, निरांजन लावताना ते हात न टेकता इतक्या वेळा उठले आणि बसले की मला त्यांचा मत्सर वाटू लागला. पाच अध्यायांची कथा संपली तेव्हा सगळे आरतीला उठले. मी 'सुखकर्ता' बसून म्हटली आणि पाहुण्यांनी ती माझी भक्ती समजली.

शेजारचे काका प्रसादाचा शिरा खाताना म्हणाले, "अंग आंबलंय तुमचं. लॅक्टिक ॲसिड साचतं मांडीत." हे निदान मला मनापासून पटले, कारण आपली भाषाच तसे म्हणते. लॅक्टिक आम्ल दह्यातही असते. तेव्हा सोमवारी मांडीत विरजण लागले आणि बुधवारपर्यंत ते चांगले घट्ट झाले, हे तर्काला धरून होते. दुर्दैवाने ते खरे नाही. प्राणवायूवाचून साखर मोडताना तयार झालेले लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचे शरीरातले रूप, तास-दीड तासात निवळते. हृदय ते इंधन म्हणून वापरते, आणि यकृत त्याची पुन्हा साखर करते. या फेऱ्याला ज्यांचे नाव आहे त्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. म्हणजे सोमवारी रात्री मी जेवताना बढाया मारत होतो, तेव्हाच ताक संपले होते.

बुधवारचे दुखणे वेगळे. भार घेतलेला स्नायू लांब होत जातो, म्हणजे आपण बैठकीत खाली जातो किंवा जिना उतरतो, तेव्हा त्याच्या तंतूंत बारीक चिरा पडतात. मग तिथे सूज येते, आणि हे सगळे एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचते. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने स्नायूतल्या या फाटाफुटीकडे १९०२ सालीच बोट दाखवले होते. म्हणूनच त्या आठवड्यात मी जिना चढताना माणसासारखा चढत असे आणि उतरताना कठड्याला धरून, तोंड भिंतीकडे करून, उलटा उतरत असे. तळमजल्यावरच्या आजींनी "काही हरवलंय का?" असे दोनदा विचारले.

पुढच्या सोमवारी मी निरवानिरव केल्यासारखा जिमला गेलो. तेवढ्याच बैठका काढल्या, आणि बुधवारी निम्मेही दुखले नाही. एकदा मार खाल्लेला स्नायू त्याच माराला पुढे सहज बधत नाही. शाळेत आमच्या वर्गाचेही असेच होते.

दीड महिन्यात बारवर प्लेटा चढल्या आणि एकूण वजन ४५ किलोंवर गेले. मी मोठ्या आशेने शर्ट शिवायला टाकला. शिंप्याने दंडाला टेप लावून जुन्या वहीतला आकडा पाहिला आणि "तेच आहे" असे म्हणून वही मिटली. हा अन्याय नव्हे, असे वाचल्यावर कळले. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेत. लग्नघरात पत्रावळ्या मांडायला, पाणी भरायला पोरे पळत असतात, आणि दांडगे मामा-काका मांडवात पत्ते खेळत बसलेले असतात. भाताचे भले मोठे पातेले उचलायचे झाले तरच ते उठतात. स्नायूतही हलक्या कामाला लहान तंतूंची फळी आधी येते आणि दांडगे तंतू शेवटी. माझे मामा-काका वीस वर्षे पत्ते खेळत होते. व्यायामाने त्यांना हाक ऐकू येऊ लागली, सगळे एका वेळी उचलू लागले, आणि विरुद्ध बाजूने उगाच ओढणारे नातेवाईक गप्प झाले. तंतू स्वतः जाड होऊन शिंप्याच्या टेपला कळायला मात्र आणखी महिने लागतात.

यातली एक गोष्ट मला विशेष आवडली. एकाच हाताने व्यायाम केला तरी दुसऱ्या हाताची ताकदही थोडी वाढते, असे येल विद्यापीठात १८९४ सालीच आढळले होते. एकावर एक फुकट अशी ही योजना असताना मी दोन्ही हातांनी का उचलावे, असे मी सरांना विचारले. ते हसले आणि त्यांनी दोन्ही हातांत डंबेल दिले.

तिसऱ्या महिन्यात मी स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर एकट्याने उचलून जागेवर ठेवला. त्यात गॅसच १४.२ किलो असतो आणि लोखंड जवळपास तेवढेच. पत्नीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आता तो जुना बाहेर ठेवा." मोजाही उभ्याने जातो.

असे सर्व सुरळीत चालले असता, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी सर म्हणाले, "काका, शरीराला सवय झाली. आजपासून लंजेस." शरीर जे मागाल तेवढेच शिकते, गुरुजींचे पाय पाटाला सरावले आहेत, माझे बैठकांना, आणि एक पाय पुढे टाकून खाली जाण्याचे काम माझ्या मांड्यांकडे कोणी कधी मागितलेच नव्हते. मी अर्थात, सवलत न मिळालेल्या माणसासारखा, सांगितले तेवढे सगळे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठण्याआधीच मी गुरुजींना फोन लावला आणि यजमानाने खुर्चीवर बसून प्राणप्रतिष्ठा केली तर चालते का, असे विचारले.

"चालतं की," गुरुजी म्हणाले. "केळीचे खांब या खेपेला भिंतीकडे बांधू."