अँस्कम बाईंनी ट्रुमनची डिग्री अडवली? नाही हो

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की ऑक्सफर्डच्या कॅथलिक फिलॉसॉफर एलिझाबेथ अँस्कम पक्क्या शांतीवादी होत्या, कुठलंच युद्ध त्यांना मान्य नव्हतं आणि त्यांनी एकटीने ट्रुमनची (हिरोशिमा-नागासाकीवर अणुबॉम्ब टाकला तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) ऑक्सफर्डची मानद डिग्री रोखली.

डिग्री रोखली गेलीच नाही. १९५६ ला बाईंनी उभं राहून विरोध केला हे खरंय, पण विद्यापीठातल्या बाकीच्यांनी ऐकलं नाही आणि ट्रुमनला डिग्री मिळाली.

आणि शांतीवादी तर अजिबातच नाही, उलट १९६१ च्या लेखात त्यांनी शांतीवादालाच झोडपलंय. त्यांचं म्हणणं असं की माणूस मारणं सरसकट पाप मानलं की सैनिक आणि लहान पोर यातला फरकच पुसला जातो, मग लोक म्हणतात युद्ध वाईटच असतं ना, मग काहीही करा! हिरोशिमा-नागासाकीबद्दल त्यांचा राग युद्धावर नव्हता, निरपराध लोकांना ठरवून मारण्यावर होता, त्याला त्या सरळ खून म्हणायच्या.

घोळ बहुतेक १९३९ मुळे होत असावा. तेव्हा विद्यार्थिनी असताना त्यांनी ब्रिटनच्या युद्धाविरुद्ध पत्रक काढलेलं, पण तिथेही एक मोठा मुद्दा हाच की हे युद्ध ज्या पद्धतीने लढलं जाईल ती अन्याय्य असेल. त्या पत्रकावर 'कॅथलिक मत' असं छापलेलं म्हणून बर्मिंगहॅमच्या आर्चबिशपनी ते मागे घ्यायला लावलं (चर्चचं नाव परस्पर वापरलं की असं होतं).

बाकी फॉरवर्डमधलं एक बरोबर आहे, नियमांपेक्षा सद्गुण आणि चारित्र्य याकडे वळा ही आजची चर्चा बऱ्याच अंशी त्यांच्या १९५८ च्या लेखापासूनच सुरू झाली.