शिक्का कशावर मारायचा?

‘पंपहाउसचे फोटो टाकू नका म्हणजे काय? तुम्ही साहेबलोकांचीच री ओढताय. उद्या धरणात पाणी किती तेही गोपनीय होईल,’ असं तुम्ही माझ्या म्हणण्यावर लिहिलंत. पैठणच्या माणसाने हे विचारावं हे बरोबरच आहे. उत्तर जरा लांबेल.

‘गोपनीय’ या शिक्क्याबद्दलचा तुमचा राग मला मान्य. आमच्या भागाला कोणत्या दिवशी किती तास पाणी सोडलं, त्याची नोंदवही मी माहिती अधिकारात मागितली होती. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ नकार आला. नळ आठव्या दिवशी येतो हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक, त्यात कसली आलीय सुरक्षा! अपिलात वही मिळाली, तेव्हा कारण कळलं. कितीतरी पानं कोरीच होती.

तुमच्या जायकवाडी धरणाचा साठा आणि विसर्ग तर झाकताच येणार नाही. २७ दरवाजे उचलले की खालच्या गावांना तो आकडा जिवाचा असतो. अमेरिकेच्या २००२ च्या कायद्यातही महत्त्वाच्या सार्वजनिक यंत्रणांच्या संवेदनशील माहितीची व्याख्या करताना ‘एरवी लोकांसमोर नसलेली’ ही अट आहे. रोज पेपरात छापून येणारा आकडा त्यात कसा बसेल?

माझं म्हणणं होतं ते एका वेगळ्याच फोटोबद्दल. नव्या पंपाची पूजा, नारळ, हार, साहेब हसतायत. मागे कंट्रोल रूमचा मॉनिटर आणि त्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर पासवर्ड! फोटो मोठा केला की स्वच्छ वाचता यायचा. ऑस्ट्रेलियातल्या मरूचीत २००० साली, यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एकाने नगरपालिकेने नोकरी नाकारल्यावर रेडिओवरून मैलापाण्याचे पंप बिघडवले. सुमारे ८ लाख लिटर घाण उद्यानांत आणि नाल्यांत गेली. यंत्रणेशी कसं बोलायचं हे त्याला माहीत होतं आणि त्यासाठी लागणारा रेडिओ, कॉम्प्युटरही त्याच्याकडे होता.

म्हणून कागद कोणत्या खात्याचा हे मी बघत नाही, तो हातात आल्यावर माणूस काय करू शकतो ते बघतो. पंप किती दिवस बंद होता, दुरुस्तीला किती गेले, हे सांगायलाच हवं. पंप लांबून बंद कसा करायचा, ते नको. दोन्ही एकाच पानावर असेल तर तेवढ्याच ओळी काळ्या करून बाकीचं द्या. माहिती अधिकार कायद्याचं कलम १० त्यासाठीच आहे.

फोटो मी कळवल्यावर दुसऱ्या दिवशी निघाला. पासवर्ड बदलला का, विचारलं. म्हणाले, ‘ते गोपनीय आहे.’