घरी बाळंतपण म्हणजे अडाणीपणा, असं म्हणणाऱ्या सगळ्या ताया-काकूंना

सकाळपासून डोकं फिरलंय. ग्रुपवर लिहिलं असतं, पण अॅडमिन काकू लगेच "विषय बंद करा गं" म्हणतात, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

झालं असं की आमच्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एका नवीन आलेल्या मुलीने विचारलं, पाचवा महिना चालू आहे, मिडवाइफ (म्हणजे इथली शिकलेली सुईण) म्हणाली डिलिव्हरी घरी करायची की हॉस्पिटलात त्याचा विचार करून ठेव, तर घरी कोणी केलीये का. साधा प्रश्न. त्यावर जे काय सुरू झालं! "वेडी आहेस का", "आपण काय जंगलात राहतो का", "हे डच लोक पैसे वाचवतात, डॉक्टरचं तोंड दाखवत नाहीत, तू सरळ इंडियात जा". एकीने हात जोडलेले इमोजी टाकून लिहिलं, आपल्या आज्यांनी भोगलं तेवढं पुरे. आणि मग माझा नंबर. "हिला विचार, हिला पण घरीच करायची होती, शेवटी धावत हॉस्पिटल गाठावं लागलंच ना."

धावत? मी धावत नव्हते गेले हो. मी जिना उतरून गेले होते, आणि त्या जिन्याचा विचार माझ्या मिडवाइफने चार महिने आधी करून ठेवला होता.

सांगतेच. इथे दिवस राहिले की पहिल्यांदा मिडवाइफ शोधायची असते, सगळं नॉर्मल असेल तर गायनॅक दिसतच नाही, आणि हे आपल्याला पचायला जड जातं. मी दोन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी मंद दिवे, वासाची मेणबत्ती, बाई इतकी गोड की विचारू नका, म्हणे तुझ्या शरीराला सगळं माहीत आहे, तू फक्त विश्वास ठेव. दुसऱ्या ठिकाणची बाई उंच, कोरडी, चहापाणी काही नाही. मी घरी डिलिव्हरी म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, जिना कसा आहे तुमचा?

ज्यांनी इथली घरं बघितली नाहीत त्यांच्यासाठी: बेडरूम वरच्या मजल्यावर आणि जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. सोफा वर न्यायचा तर खिडकीतून न्यावा लागतो. तर ती म्हणाली, तुला मध्येच हलवायची वेळ आली आणि तू चालू शकत नसलीस तर स्ट्रेचर वळेल का त्या जिन्यात? मग पलंग किती उंच, साधारण ८० सेंटिमीटर तरी हवा, नाहीतर खाली लावायचे ठोकळे भाड्याने आणा, उगाच माझी कंबर मोडू नका. मग हॉस्पिटल किती मिनिटांवर. मग तिने स्वतःहून सांगितलं की मी तुला कुठल्या कुठल्या वेळी घरी ठेवणार नाही. ३७ आठवड्यांच्या आत सुरू झालं तर नाही, बीपी वाढलं तर नाही, बाळ आडवं असेल तर नाही, पाण्यात बाळाची शी दिसली तर नाही, पुढे सरकतच नसेल तर नाही. आणि तुला एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवायचं पाठीतलं इंजेक्शन, हवंसं वाटलं तर ते घरी मिळत नाही, सांगायचं, निघायचं, लाजायचं नाही.

मी बाहेर आल्या आल्या नवऱ्याला म्हटलं, हीच.

नवरा बिचारा गप्प. त्याच्या आईला व्हिडिओ कॉलवर सांगायचं होतं ना. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब शिकून-सवरून गेलात ते घरी बाळंत व्हायला?" तेव्हा हसले होते, पण आज ग्रुपवर तेच वाक्य पंचविशीतल्या मुली लिहितायत तेव्हा हसू येत नाही. अगं, ही जी बाई येते ती चार वर्षं कॉलेजात हेच शिकून येते. सोबत ऑक्सिजन असतो, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन असतं, टाके घालायचं सामान असतं. हाताखाली क्रामझोर्गची, म्हणजे बाळ-बाळंतिणीची घरी येऊन काळजी घेणाऱ्या सेवेची, बाई येते. आणि पाठीमागे हॉस्पिटल असतं जे फोन केल्यावर "आधी डिपॉझिट भरा" म्हणत नाही. ह्याला तुम्ही जंगल म्हणताय.

आणि ते "इंडियात जा". जा ना, कोण नको म्हणतंय. पण सरकारचीच २०१९-२१ ची कुटुंब आरोग्य पाहणी बघा, आपल्याकडे खासगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियनने झालेली आहेत. सगळ्यांची बाळं एकदम आडवी झाली का हो? ते चालतं, त्याला कोणी वेडी म्हणत नाही.

बरं, आता दुसरी बाजू. ह्या पोस्टला ज्या मैत्रिणी लगेच हार्ट देतील आणि "नॅचरल इज बेस्ट" लिहितील, त्यांच्यावर माझा जास्त राग आहे. मागे पुण्याहून एकीने मला मेसेज केला, तिला पण घरी करायचंय, रील बघितलं, टबमध्ये बाळ, बासरी वाजतेय, शेजारी नवरा. मी विचारलं, येणार कोण? तर म्हणे एक ओळखीची आहे, ऑनलाइन कोर्स केलाय तिने. मी स्पष्ट सांगितलं, नको करूस. काही झालं तर १०८ला फोन करून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसणारेस का? आपल्या सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफ तयार करायचं ठरवलं खरं, पण त्या दवाखान्यातल्या लेबर रूमसाठी, तुझ्या फ्लॅटवर कोणी येत नाही. त्याच वर्षी तमिळनाडूत तिरुपूरला एका बाईचा घरी बाळंतपण करताना जीव गेला, युट्यूबवर बघून केलं म्हणून बातमी होती. आणि मेळघाट-गडचिरोलीत रस्ता नाही म्हणून बाईला झोळीतून आणतात, त्या बाईला जाऊन सांगा बरं घरच्या बाळंतपणाची मजा. माझ्या आजीची सगळी बाळंतपणं घरातच झाली, सुईण चांगली होती म्हणायची, तरी दोन मुलं गेली. तिला विचारलं कोणी होतं, कुठे करायचंय म्हणून?

हो, पहिलटकरणींना इथेही बऱ्याचदा मध्येच हॉस्पिटलला जावं लागतं, मान्य. आणि कारण नसताना हॉस्पिटल हवं असेल तर खिशातून पैसे भरावे लागतात, ते मलाही पटत नाही, ते ग्रुपवर एक काकू बरोबर बोलल्या.

पण माझ्या त्या रात्रीला "फसलं" म्हणू नका. पाणी गेलं, त्याला हिरवट रंग होता, म्हणजे बाळाची शी, तिने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाली, चला, इथे नाही आता. आवाज चढला नाही की धावपळ नाही. फोन केला, मला दोन कळांच्या मधल्या वेळात उभं केलं आणि जिना उतरताना ती माझ्या पुढे, माझ्याकडे तोंड करून, उलटी, एकेक पायरी. कळ आली की थांबायचं. मी तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून मराठीत शिव्या देतेय आणि ती डचमध्ये हो हो म्हणतेय. हॉस्पिटलात दुसऱ्या बाईच्या हाती सोपवूनही ती लगेच घरी नाही गेली, लेक बाहेर आली तेव्हा तिथेच होती. गोड बाईने त्या रात्री काय केलं असतं मला माहीत नाही, मेणबत्ती लावली असती कदाचित. (वाईट बोलतेय, असू दे.)

नंतर घरी आलो तर क्रामझोर्गची बाई हजर. इथे आठवडाभर ती रोज येते, टाके बघते, बाळाचं तापमान घेते, दूध पाजायला शिकवते, वर संडास पण घासते. तिकडून आमची आई आलेली डिंकाचे लाडू, अळीव, कानटोपी घेऊन. ही खिडकी उघडणार, आई बंद करणार. आईला शेगडी हवी, ही बाळाच्या पाळण्यात गरम पाण्याची स्टीलची बाटली ठेवणार. मला वाटलं आता जुंपणार. पण इथे बाळ झालं की टोस्टवर लोणी लावून वर बडीशेपेच्या साखरगोळ्या पेरून देतात, ते आईने चाखलं आणि म्हणाली, "बडीशेप? दुधाला चांगली. ह्यांना कळतं म्हणजे." तिथून दोघींचं जमलं ते शेवटपर्यंत, एकीला दुसरीची भाषा येत नसताना. हे लिहिताना राग गेलाच जरा.

तर ग्रुपवरच्या त्या मुलीला, तू हे वाचत असशील तर: घरी की हॉस्पिटल ते तुझं तू ठरव, मी सांगणार नाही. मिडवाइफ मात्र दोन-तीन बघ, आणि प्रत्येकीला विचार की तू मला कधी हॉस्पिटलला नेशील. उत्तर द्यायला जी अडखळेल किंवा नुसती हसेल, तिला टाटा कर. शनिवारी घरी ये, नवऱ्याला पण आण, त्याच्या आईचे प्रश्न त्यालाच झेलायचेत. स्टीलच्या बाटल्या दोन्ही माळ्यावर पडून आहेत, घेऊन जा, विकत घेऊ नकोस.