जुनं घर चतुर्थीला बघा

हल्ली माझ्या फोनवर दर दोन दिवसांनी कुणीतरी एक व्हिडिओ पाठवतं. माडांच्या शेंड्यांवरून ड्रोन खाली उतरतो, लाल कौलं, ओटी, झोपाळा, तुळशीवृंदावन, मागे बासरी. "शंभर वर्षांचं चिरेबंदी घर, आंबा-काजू-फणसासह, समुद्र दहा मिनिटांवर, तातडीने विकणे." आणि खाली पाठवणाऱ्याचा प्रश्न: "तुमच्या कुडाळकडचंच आहे ना? घेऊन टाकू का?"

तर सगळ्यांना एकदाच उत्तर देते. घ्या, जरूर घ्या. कुणी राहिलं नाही तर ही घरं पडतात, गावोगाव नुसती जोती उरली आहेत. पण बयाणा देण्याआधी दोन गोष्टी करा. विकणाऱ्याकडून जमिनीची सरकारी मोजणी करून घ्या, आणि भर पावसात सुताराला सोबत नेऊन घर बघा. वकील, मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, पेपरात जाहीर नोटीस हे सगळं करायचंच आहे, ते सगळेच सांगतात. या दोन गोष्टी मात्र कुणी करत नाही, कारण एकीत भीड आडवी येते आणि दुसरीत चिखल.

माझ्या मामेभावाने इंग्लंडमध्ये एका खेड्यात जुनं दगडी घर घेतलं, तेव्हा आधी सर्व्हेअर आणला होता. तिकडे ती रीतच आहे. आरआयसीएस या संस्थेचे सर्व्हेअर तीन पातळ्यांचे अहवाल देतात आणि जुन्या घरासाठी तिसरी, सगळ्यात सखोल पातळी घ्यायला सांगतात. छप्पर, ओल, लाकूड, सगळं त्यात येतं आणि विकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे बँकेचा व्हॅल्युअर येतो तो किंमत लावायला. भूमी अभिलेखचा भूकरमापक येतो तो जमीन मोजायला, वाशांकडे तो मान वर करूनही बघत नाही. गावातलं जुनं घर तपासून देणारा असा वेगळा माणूस आपल्याकडे सहसा मिळतच नाही, त्यामुळे आपली जुळवाजुळव आपणच करायची.

आधी मोजणी. घेणाऱ्याला मोजणीचा अर्ज करता येत नाही. ७/१२वर ज्याचं नाव आहे त्यानेच तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करायचा असतो. म्हणजे विकणाऱ्याला तोंडाने सांगावं लागतं, "काका, आधी मोजणी करून घ्या, फी आम्ही भरतो." आणि इथेच शहरातली माणसं अडखळतात. काकांनी पानावर बसवलेलं असतं, सोलकढीची वाटी दुसऱ्यांदा भरलेली असते, काकी निघताना अळूची जुडी बांधून देणार असतात. अशा वेळी मोजणीचं नाव काढलं की काकांचा चेहरा उतरतो. "आमच्यार इस्वास नाय तुमचो?" झालं. पाहुणे गप्प. भीड ही भिकेची बहीण हे आपण लहानपणी पाठ केलेलं असतं, पण व्यवहाराच्या दिवशी ते आठवत नाही.

आणि खरं सांगायचं तर काका बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. त्यांनाच माहीत नसतं. ओळखीच्या एका कुटुंबासाठी मी अशीच एक मोजणी हट्टाने करायला लावली होती. भूकरमापक आला, यंत्र मांडलं, आणि घराच्या मागचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, हीच हद्द असं जे तीन पिढ्या सगळे धरून चालले होते, ते कागदाशी जुळेना. न्हाणीघर आणि अर्धी विहीर शेजारच्या हिश्श्यात निघाली. शेजारचे गृहस्थ हात मागे बांधून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "माका ठाऊक होता. तुमच्या आजोबांक आमचो आजो बोललेलो, वापरा म्हणून." दोन आजोबांमधला हा शब्द कुठल्याच फेरफारात नव्हता. विकणारे काका आमच्यापेक्षा जास्त चकित झाले होते. तो व्यवहार शेवटी झाला, पण विहिरीच्या हक्काचा वेगळा नोंदणीकृत दस्त करून आणि किंमत खाली आणून. मोजणी नसती तर नव्या मालकाला पहिल्याच उन्हाळ्यात पंप काढून न्यायला सांगितलं असतं, आणि सांगणाऱ्याचं चुकलं असं मीही म्हटलं नसतं.

मोजणीनंतर हातात पडणारा नकाशा, ज्याला 'क प्रत' म्हणतात, तो महत्त्वाचा आहेच. पण मला त्याहून मोलाची वाटते ती मोजणीची नोटीस. ती सहहिस्सेदारांना आणि लगतच्या खातेदारांना जाते. पेपरातली जाहीर नोटीस गोरेगावचा चुलतभाऊ कधीच वाचत नाही, पण तालुक्याहून आलेलं पत्र मात्र तो रात्रीच्या गाडीने घेऊन येतो. जे भांडण तुम्ही घर घेतल्यावर उकरलं गेलं असतं, ते तुमचा रुपयाही अडकलेला नसताना खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात होतं. होऊ द्या. तुम्ही चहा प्या आणि ऐका.

आमच्याकडे ७/१२वर वीस-पंचवीस नावं असणं काही विशेष नाही. वाटप झालेलं असतं ते तोंडी: हा फणस तुझा, तो कोपरा माझा, वळईच्या डावीकडची खोली धाकट्याची. कागदावर सगळं सामाईक. आणि सामाईक राहत्या घराचा एकाच भावाकडून हिस्सा विकत घेणाऱ्यासाठी कायदा फार कडक आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा घेणाऱ्या बाहेरच्या माणसाला त्या घराचा एकत्र ताबा मागता येत नाही. तो वाटपासाठी कोर्टात गेला, तर १८९३च्या पार्टिशन अ‍ॅक्टचं कलम ४ घरच्यांना त्याचाच हिस्सा विकत घेण्याची मुभा देतं. थोडक्यात, पैसे तुम्ही द्यायचे आणि ओटीच्या पायरीवर बसायचं. "बाकीच्यांची संमती आहे, मी बघतो" असं एजंट म्हणाला की हे आठवा.

आणि बहिणी. "आत्यांनी कधीच हक्क सोडलाय" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता हसू येतं. कुठे सोडलाय? साध्या कागदावर, की नोंदणीकृत हक्कसोडपत्राने? महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध सहहिस्सा मिळाला, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ठरवलं की २००५मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. बेळगावच्या आत्याची सही हवी म्हणजे हवी.

म्हणून माझा सल्ला असा की घर चतुर्थीला बघा. गंमत करत नाहीये. मोठ्या घराचा गणपती पुष्कळदा सामाईक असतो, भावकीत वाटण्या होवोत, चुली वेगळ्या होवोत, गणपती मुळघरातच येतो. एरवी कुलूप असलेल्या घरात त्या दिवशी चाळीस माणसं असतात. कोण कुठल्या खोलीत बॅग टाकतं, गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटवी कोण बांधतं, आरतीला पुढे कोण उभं राहतं, म्हातारी कुणाला "तू कशाक इलंस" विचारते, हे सगळं बघा. ७/१२वर जे दिसत नाहीत ते तिथे दिसतात. आणि हेही विचारा की घर विकल्यावर गणपती कुठे जाणार. याचं उत्तर भावकीने आपसांत ठरवलेलं नसेल, तर घर विकायचंही अजून ठरलेलं नाही असं खुशाल समजा. उद्या तुम्ही बंद दार ठेवून मुंबईत बसाल आणि पाटावरचा गणपती खळ्यात उभा असेल, ही वेळ तुमच्यावर येऊ नये आणि त्यांच्यावर तर त्याहून येऊ नये.

बिगरशेतकऱ्यांसाठी आणखी एक. आमच्याकडे बरीचशी घरं गावठाणात नसतात. ती वाडी-वाडीत, आपापल्या बागेत, वरकस म्हणजे हलक्या डोंगराळ जमिनीत असतात. तुम्ही 'घर' घेताय, पण कागदावर ती शेतजमीन असू शकते, आणि कूळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतलीच तर जमीन सरकारजमा होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८वर घरपट्टी कुणाच्या नावे आहे, एवढं दाखवून विकणारे आहेत. घरपट्टीची नोंद म्हणजे मालकी नव्हे. २०२०पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजून ज्या मिळकत पत्रिका मिळताहेत, त्या गावठाणातल्या घरांना. बागेतल्या घराला त्याचा उपयोग नाही. ७/१२वर 'भोगवटादार वर्ग २' किंवा कूळकायद्याच्याच कलम ४३चा शेरा दिसला, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन निघाली, तर तिथेच थांबा आणि वकिलाला दाखवा. वकील तालुक्याचा बघा, पण एजंटने आणलेला नको.

आता घर. व्हिडिओ डिसेंबर ते फेब्रुवारीतले असतात, तेव्हा प्रत्येक घर सुंदर दिसतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो घराचा सगळा खरा इतिहास भिंतीवर लिहून जातो. पश्चिमेची भिंत बघा, झड तिथे लागते. बाहेरून नवा सिमेंटचा गिलावा आणि वर रंग दिसला तर खूश होऊ नका. जांभा दगड पाणी पितो आणि हवा लागली की सोडतो. मातीत किंवा चुन्यात रचलेल्या अशा भिंतीवर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, मग ती आतल्या बाजूने फुटते, जमिनीपासून दोन-तीन फूट पोपडे येतात. विकण्याआधी नवा रंग दिलेल्या घरात कपाट भिंतीपासून सरकवून बघायला लाज बाळगू नका. पागोळ्यांची रेघ बघा, पाणी जोत्यापासून लांब पडतंय की पायाशीच खड्डा झालाय. मागे डोंगर कापून सपाटी केली असेल तर ती दरड पावसातच बघायची.

लाकडासाठी सुतार. आमच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत, ते घरात शिरल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत, आधी हातातल्या छोट्या कुऱ्हाडीच्या पाठीने खांब वाजवत जातात. भरीव खांब टणक वाजतो. पोकळ खांबाचा आवाज ऐकला की आपल्यालाही कळतो. मग शिडी लावून जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसतात. मधे लाकूड कितीही चकचकीत असो, कुजणं सुरू होतं ते या टोकाला, कारण भिंतीतली ओल तिथे पोचते. एकदा त्यांनी भिंतीवरचं जुनं कालनिर्णय उचललं, मागे वाळवीचा मातीचा बोगदा थेट वाशापर्यंत गेलेला. "खांब फणसाचे, शंभर वर्षां ऱ्हवतले. वासे गेले." आणि हेच सर्रास असतं: खांब फणसाचे किंवा सागाचे, पण वासे-रिपा माड-पोफळीच्या. म्हणजे "सागवानी घर" ऐकलं की विचारायचं, नक्की काय सागवानी?

नळे, म्हणजे छपरावरची कौलं, दरवर्षी मे महिन्यात परतावे लागतात. घर किती पावसाळे बंद होतं हे विचारा, घराचं वय विचारण्यापेक्षा ते महत्त्वाचं. सलग दोन-तीन वर्षं नळे परतले नसतील तर छप्पर नव्याने करायचं असं धरूनच किंमत बोला. २०२१च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळानंतर बऱ्याच ठिकाणी घाईने पत्रे चढले, ते वाईट नाहीत, पण खालच्या वाशांना ते नीट बांधलेत का ते मेस्त्रींना बघू द्या.

विहीर मात्र मे महिन्यात बघायची, पावसात प्रत्येक विहीर भरलेली असते. रस्ता आपल्या कागदात आहे की कुणाच्या मेहरबानीवर गाडी खळ्यात येतेय, तेही विचारा. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, आहेतच: विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती चालते, पण आहे त्या जोत्यावर. वर मजला चढवून होमस्टे काढायचं स्वप्न असेल तर आधी चौकशी.

बयाणा द्यायचाच झाला तर साठेखतात लिहून घ्या की क प्रत आणि सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आल्याशिवाय पुढचे पैसे नाहीत, आणि हे नाही झालं तर बयाणा परत. या अटीवर काका रागावून फोन ठेवतील. ठेवू देत. तुम्ही उलटा फोन करू नका. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन येतो, मोजणीची फी किती आणि ती कुठे भरायची हे विचारायला.